ताप असेल तर गेटाबाहेर

खाली लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या दुकानातल्या सगळ्या शिलाई मशिनींची शपथ घेऊन सांगतो. आता याच शपथेवर मी मागच्या महिन्यात चौकात सांगितलं होतं की माझ्याकडची एक जुनी मशीन माणूस नसतानाही साडीला फॉल लावते, आणि दोन बायका साड्या घेऊन आल्यासुद्धा होत्या. म्हणजे शब्द न् शब्द खरा नाही. पण बराचसा आहे. जेवढं खोटं असेल तेवढं शेवटी कबूल करतो, मग तर झालं?

पाळणाघरातले किस्से शोधावे लागत नाहीत. सकाळी नऊला गेट उघडलं की पोरांच्या डब्यांबरोबर तेही आत येतात आणि संध्याकाळी पोरं घरी गेली तरी ते आमच्याकडेच राहतात. माझी बायको सुनंदा दिग्रसला आमच्या राहत्या घरात पाळणाघर चालवते. पुढच्या ओसरीवर माझं मशीन दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे कोण आपलं पोरगं कसं सोडून जातं, हे सगळ्यांत आधी मी पाहतो. पूर्वी हसू यायचं. आता संताप येतो.

संतापाचं कारण पाच किलोचं आहे आणि त्याचं नाव ओवी.

ओवी सातव्या महिन्यातच जन्मली. यवतमाळच्या दवाखान्यात दीड महिना काचेच्या पेटीत होती. तिची आई वैशाली एसटीत कंडक्टर. बाप ट्रकवर, पांढरकवड्याहून हैदराबादकडे गेला की आठ-आठ दिवस तोंड दिसत नाही. घरात तिसरं माणूस नाही. सुट्टी संपली तशी वैशाली खाकी ड्रेसवरच पोरगी घेऊन आमच्या ओसरीवर उभी राहिली.

"काकू, डॉक्टर म्हणते हिचे फुप्फुस कच्चे हायेत. आपल्याले फ्लू झाला तर चार दिवस झोपाचं. हिले झाला तर पुन्हा पेटी. अन् दुसऱ्यांदा ती पेटीतून निघन का नाई, ते डॉक्टरही नाई सांगत."

सुनंदानं पोरगी हातात घेतली. म्हणाली, "या घरात ताप येणार नाई. जा तू ड्युटीवर."

मग बाकीच्या सहा पोरांच्या आईबापांना बोलावून, चहा पाजून नियम सांगितले. ताप-खोकला असेल तर पोरगं घरी ठेवा. औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, तरच परत आणा. आल्याआल्या साबणानं हात. ज्याचा पेला त्याला. सगळ्यांनी माना हलवल्या. "हाव काकू, बरोबर हाये." चहा चांगला झाला असंही म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी मिळून आम्हाला फसवायला सुरुवात केली.

*

पण पहिला मान घरच्यांचा. शांताबाई आमच्याकडे मदतीला येते. साठीची, कामाला वाघीण. तिची एकच खोड. कोणत्याही पोराचं नाक वाहिलं की पदर पुढे. एका पदरात सहा नाकं. सहावं नाक पुसलं की तोच पदर कमरेला खोचून ती ओवीला घ्यायला निघायची.

सुनंदा मला म्हणाली, रुमाल शिवून द्या. मी एका बैठकीत सहा रंगांचे सहा रुमाल शिवले, कडा इंटरलॉक करून. प्रत्येक पोराच्या खांद्यावर सेफ्टी पिननं आपापला रुमाल लावला. आठवडाभर रुमाल पाहिले, एकदम स्वच्छ. मला वाटलं, पोरांची सर्दीच गेली.

मग एक दिवस पाहतो तर शांताबाई पोराचं नाक पदरानं पुसून राहिलेली आणि रुमाल बोटानं अलगद बाजूला धरलेला.

"शांताबाई, रुमाल कायले दिला मग?"

ती माझ्यावरच चिडली. "एवढा नवा रुमाल हाये जी. शेंबडानं खराब नाई का होत?"

तिला ओरडताही येईना, कारण रुमालाची एवढी इज्जत आजवर कोणी केली नव्हती. सुनंदानं त्याच दिवसापासून ओवीला शांताबाईच्या हातात देणं बंद केलं. शांताबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आल्याआल्या पदर सेफ्टी पिननं पाठीमागे टाचून घेतला आणि न सांगता साबणानं हात धुवायला गेली. अडाणी बाई तीन दिवसांत सुधारली. शिकलेल्यांचं आता सांगतो.

*

अंशचे पप्पा हायस्कुलात सर आहेत. अंश तीन वर्षांचा. एका सोमवारी सकाळी दहाला सर त्याला सोडून गेले. पोरगं हसतंय, खेळतंय, फक्त कपाळ ओलसर. दुपारी दोनला त्याचं अंग तव्यासारखं. तोवर त्यानं सगळी खेळणी चाटून झाली होती, त्यातला ओवीचा खुळखुळाही.

सुनंदानं फोन लावला. सर म्हणाले, "मॅडम, सकाळी तर ठणठणीत होता. तुमच्याकडेच काहीतरी झालं असेल."

तेवढ्यात मांडीवर पडलेला अंश डोळे मिटूनच बोलला, "मावशी, गुलाबी औषध पेलो ते सांगाचं नाई, असं पप्पानं सांगतलं."

फोन चालूच होता. सरांनी तो हळूच ठेवला.

ताप उतरवणारं औषध पाजायचं, चार तासांचं निरोगी पोरगं आमच्या गेटात सोडायचं आणि पाचव्या तासाला दोष आम्हालाच द्यायचा. हे सर शाळेत काय शिकवतात? विज्ञान. त्यांच्या वर्गातल्या फळ्यावर जंतूंचं चित्र आहे म्हणे, रंगीत खडूनं काढलेलं.

त्या आठवड्यात सुनंदा रोज ओवीच्या छातीला कान लावून बसायची. मी मशीन चालवली की हातानं थांब म्हणायची. खुळखुळा तिनं आधी उकळला, मग फेकूनच दिला. ओवीला काही झालं नाही, पण आमच्या घरात आठ दिवस कोणी मोठ्यानं बोललं नाही.

त्यानंतर सुनंदा गेटावर मोठ्यांना काही विचारतच नाही. खाली वाकून पोरांना विचारते, "आज कोन्तं औषध पेलं बा?" पोरं नाव, रंग, चव सगळं सांगतात. एक महिना हे चाललं. मग पालकांनी गोळ्या कुस्करून केळात घालायला सुरुवात केली.

*

कापसाच्या जिनिंगवाल्यांची सून गाडीतून येते. काच खाली न करता हॉर्न वाजवते, मग आम्ही जायचं. सुनंदानं कपाळासमोर धरायचं तापाचं यंत्र आणलं, तर ही बाई रोज दहा मिनिटं आधी येऊन गाडीतच बसून राहायला लागली. मला वाटलं, बिचारीला उशीर आवडत नाही.

एकदा तिच्या मुलीच्या कपाळाला यंत्र धरलं, तर आकडा आला एक्क्याण्णव. सुनंदानं यंत्र झटकलं. पुन्हा एक्क्याण्णव. मी मशीन सोडून उठलो. एवढा कमी आकडा माणसाचा नसतो.

"वहिनी," मी म्हटलं, "पोरगी कुठं ठेवलती? फ्रिजात?"

गाडीत डोकावलो. एसीच्या जाळीसमोर पोरीची खुर्ची, आणि एसी फुल. पोरीला कपाळ गार होईस्तोवर तिथं बसवून ठेवलं होतं. काखेत मापलं तर एकशे दोन. (एक्क्याण्णव मी जरा कमी केला. चौऱ्याण्णव होता.)

बाई म्हणाली, "माझी किटी पार्टी आहे आज. मी काय करणार?"

मी काय म्हणालो ते इथं लिहिता येत नाही. सुनंदा शांतपणे म्हणाली, "पोरीलेही घेऊन जा किटीले. तिथं बारा बाया हायेत. इथं एकच ओवी हाये." गाडी इतक्या जोरात रिव्हर्स गेली की माझा बोर्ड वाकला. अजून वाकडाच आहे.

*

आता आपल्या चांगुलपणाचा किस्सा. आमच्याकडे बिमार माणसाला पाहायला जातात. नाही गेलं तर तो बरा झाल्यावरही आयुष्यभर लक्षात ठेवतो.

अंश तापानं घरी पडला, तर बाकीच्या पाचही आया आपापल्या पोरांना घेऊन त्याला पाहायला गेल्या. बिस्किटांचा पुडा घेऊन. पोरांना त्याच्याच पलंगावर बसवलं. "दादाचा पापा घे," म्हणून गालही पुढे करायला लावले. तीन दिवसांनी दोन पोरं तापली. मग त्या दोघांना पाहायला बाकीचे. असं करत करत फ्लू एक पाऊलही न चालता सहाही घरं फिरून आला. बिस्किटांचा पुडा एकच होता. ज्या घरानं पहिल्यांदा दिला, त्याच घरी तो दहाव्या दिवशी परत पोचला. फोडलेला नव्हता.

सुनंदानं आठ दिवस पाळणाघर बंद ठेवलं. एकटी ओवी येत होती. गेटावर पाटी लावली तर तिच्याखाली कोणीतरी पेनानं लिहून गेलं, "एका पोरीसाठी सहा जणांना त्रास."

मी त्याच्या खाली माझं उत्तर लिहीत होतो, तेवढ्यात कविता आली. ही एका सरकारी ऑफिसात कंत्राटावर कम्प्युटर चालवते, तिची मुलगी आमच्याकडे असते. मी सगळा राग तिच्यावर काढला. "तापाचं पोरगं घरी ठेवाले काय जाते तुमचं?"

ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, मी साहेबाले सुट्टी मांगतली. साहेब म्हणते, पोरीले ताप हाये न, तुले कायले सुट्टी पाहिजे? तुले ताप हाये का?"

मी लिहिलेलं पुसून टाकलं. ज्याच्यावर लिहायला पाहिजे होतं, त्या साहेबाच्या घरासमोर काही माझं गेट नाही.

*

मध्ये डॉक्टर म्हणाले, ओवीच्या आसपासच्या मोठ्यांनी फ्लूची लस घ्या. सुनंदानं घेतली, वैशालीनं घेतली, शांताबाईनं तर दोन्ही दंड पुढे केले. मी म्हटलं, मला वेळ नाही. खरं म्हणजे दिवसभर मशिनीच्या सुया बदलणारा हा माणूस दवाखान्याच्या सुईला घाबरतो.

सुनंदानं मला हाताला धरून दवाखान्यात नेलं. सिस्टर विचारते, "कुठं हाये तुमचं लेकरू?"

सुनंदानं मला पुढे ढकललं. "हे पाहा. धरून ठेवा, पळते."

*

किसनची आजी बंजारा तांड्यावरून येते. सगळे तिला दादीच म्हणतात. शेताची, तुरीची माणसं. दादीच्या डोक्यात बसलं की ओवीला नजर लागलीये म्हणून तिची वाढ होत नाही. एक दिवस सुनंदा भाजीला गेली, तेवढ्यात दादीनं स्वयंपाकघरातून लाल मिरच्या उचलल्या, सगळ्या पोरांवरून उतरवल्या आणि दारातच शेगडीत टाकल्या. मी ओवीला उचलून मागच्या अंगणात पळालो, तेवढी अक्कल मला आली. परत येऊन पाहतो तर सहाही पोरं खोकत होती, शांताबाई खोकत होती, आणि नेमकी त्याच वेळी सरकारी दवाखान्याची सिस्टर सर्दी-खोकल्याची पाहणी करायला गेटात उभी. तीही खोकत होती. तिनं वहीत लिहिलं, "सर्व संशयित." स्वतःला धरून आठ लिहिले.

मी दादीला खूप बोललो. नको तेवढं बोललो. ती नातवाला घेऊन गेली.

पुढच्या हप्त्यात सकाळी साडेआठला दादी गेटाबाहेर. एकटी. घामानं निथळलेली. तांड्यावरून पायी आली होती.

"किसनले ताप हाये. आज नाई आणत. उद्याही नाई आणत."

"दादी, एवढं सांगाले पायी आली? फोन काहून नाई केला?"

ती म्हणाली, "फोनवर सारेच सांगतात, ताप नाई म्हणून. मी ताप हाये म्हणून सांगतलं असतं, तर तुम्हाले खरं वाटलं असतं का?"

पाणीसुद्धा न पिता ती परत फिरली. वर्षभरात एवढं एकच माणूस स्वतःहून खरं सांगायला आलं. त्याला मी आठ दिवस आधी अडाणी म्हटलं होतं.

*

आता शेवटचा.

आमची मुलगी पल्लवी पुसदला दिलेली. डिसेंबरात एका दुपारी न कळवता आली. खांद्यावर बॅग, कडेवर दोन वर्षांचा रुद्र. सहा महिन्यांनी माहेरी येत होती. मी मशिनीवरून उठलो. सुनंदा ओवीला आतल्या खोलीत झोपवून बाहेर आली. नातवाला पाहून तिचे हात आपोआप पुढे झाले आणि तसेच थांबले. रुद्रचे डोळे लाल होते. नाक वाहत होतं.

"पल्लवी, थांब. तिथंच थांब."

"आई, मी हाये."

"दिसून राह्यलं मले. पोराले ताप हाये?"

"बसच्या गर्दीनं अंग गरम झालं थोडंसं."

सुनंदानं यंत्र आणलं, गेटावरूनच हात लांबवून धरलं. एकशे दोन.

दुसरी सोय असती तर केली असती. पण वैशाली पुसदच्या गाडीवर होती, तिचा नवरा रस्त्यात कुठंतरी, आणि आमच्या घराला दोनच खोल्या. सुनंदानं गेटाबाहेर खुर्ची ठेवली, पाणी ठेवलं, बसस्टँडजवळच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं की मुलगी येते, लगेच पाहा. मग पल्लवीला म्हणाली, "डॉक्टरले दाखव अन् घरी जा. बरा झाला की ये. मी तुले घ्याले पुसदले येतो."

पल्लवीचा आवाज चढला. "त्या कंडक्टरणीच्या पोरीपायी तू आपल्या नातवाले उन्हात उभं करून राह्यली?"

"नातवाजवळ तू हायेस," सुनंदा म्हणाली. "तिच्याजवळ आता मीच हावो."

आणि तिनं गेटाची कडी लावली. मी ओसरीवरून तिला नाही नाही ते बोललो. पोटची पोरगी दारातून परत पाठवतेस, हळदकुंकूसुद्धा नाही, लाज वाटत नाही का, म्हणालो. ती आत निघून गेली. पल्लवीनं पाण्याला हात लावला नाही. बॅग उचलली आणि मागे न पाहता गेली.

पुढचं बसमधलं आहे. ते पल्लवीनं मला फोनवर सांगितलं.

डॉक्टरांनी औषध दिलं, फ्लूच म्हणाले. पुसदची गाडी बाजारामुळे खचाखच भरलेली. पल्लवी पोराला घेऊन उभी, डोळ्यांतून धारा. कंडक्टर वैशालीच होती, पण या दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. वैशालीनं तिला आपल्या सीटवर बसवलं. तेवढ्यात रुद्रला उलटी झाली. पल्लवीला सुचेना. वैशालीनं पोरगं उचललं, आपल्या ओढणीनं त्याचं तोंड पुसलं आणि खांद्यावर घेतलं. मग गाडीत ओरडली, "खिडक्या उघडा साऱ्या."

"बाई, थंडी वाजते," कोणीतरी म्हणालं.

"थंडी वाजते तर उतरा."

पल्लवीनं रडत रडत तिला सगळं सांगितलं. आईनं गेटातून परत पाठवलं, कोण्या कंडक्टरची पोरगी सांभाळते म्हणून. वैशालीनं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "घर कुठं हाये तुमच्या आईचं?" पल्लवीनं गल्ली सांगितली. तोवर रुद्र वैशालीच्या खांद्यावर झोपला होता. तिनं त्याला पल्लवीकडे परत दिलं नाही. एका हातानं पोरगं आणि एका हातानं तिकिटाची मशीन, अशी पुसदपर्यंत उभी राहिली.

संध्याकाळी सहाला ती ओवीला न्यायला आली. गेट उघडंच होतं. ती बाहेर उभी राहिली.

"ये ना आत," सुनंदा म्हणाली.

"नाई काकू. आज तापाचं लेकरू खांद्यावर घेतलं, पुसदपावेतो. ओवीले चार दिवस इथंच ठेवता का?"

"कोणाचं लेकरू होतं?"

"त्याच्या मायनं रुद्र नाव सांगतलं."

सुनंदा पायरीवर बसली.

चार दिवस वैशाली रोज ड्युटी संपवून यायची आणि गेटाबाहेर पल्लवीसाठी ठेवलेल्या त्याच खुर्चीवर बसायची. सुनंदा ओवीला घेऊन ओसरीच्या या टोकाला बसायची. ओवी दोन्ही हात गेटाकडे करून रडायची. अंधार पडायला लागला की वैशाली उठून जायची.

तिसऱ्या दिवशी पल्लवीचा फोन आला. रुद्रचा ताप उतरला होता. तिनं बसमधलं सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "बाबा, त्या बाईचं नाव विचारालेच विसरलो मी. तुमच्या वळखीची हाये का?"

मी म्हटलं, "दिग्रसमधी कंडक्टर काय कमी हायेत?"

पाचव्या दिवशी वैशाली आत आली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि मग ओवीला घेतलं.

आता खोटं कोणतं, ते. अंशचे सर खरे, गाडीतला एसी खरा, दादी खरी. बिस्किटांच्या पुड्याचं मी वाढवून सांगितलं, तो चौथ्याच घरी कोणीतरी फोडला होता. आणि त्या दुपारी मी ओसरीवरून बायकोशी भांडलो, हे खोटं आहे. मी एक शब्द बोललो नाही. सुनंदाचा हात गेटापर्यंत गेला होता, पण तिच्यानं होईना. कडी मी लावली.